बारा घरांचा प्रोग्राम

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता. विषय होता, शंभर मार्कांचा पेपर होता, नापास करायची सोय होती. यंत्र तेवढं नव्हतं. ते पुण्यात होतं. सांगलीत बसून आम्ही ज्याला हुकूम सोडत होतो, त्याचं तोंड आमच्यापैकी एकानंही पाहिलं नव्हतं. याबद्दल मला आजही तेवढाच संताप येतो. पण बोलता बोलता वर्कशॉपमागचा तो लांब व्हरांडा आठवतो, त्याच्या थंडगार शहाबादी फरशा आठवतात, आणि माझा आवाज आपोआप खाली येतो.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना आधी पद्धत सांगतो. प्रोग्राम म्हणजे यंत्रानं काय करायचं ते एकेका ओळीत लिहून काढायचं. आम्ही ते चौकटीच्या कागदावर लिहायचो. पुण्यात त्यातल्या एकेका ओळीचं एकेक जाड कार्ड व्हायचं, त्यावर अक्षरांऐवजी बारीक चौकोनी भोकं. ती कार्डं एकावर एक रचून यंत्राला द्यायची आणि यंत्रानं उत्तर कागदावर छापायचं. प्रत्येक पोराच्या वाट्याला वर्षात दोनच फेऱ्या. त्या दोनांत यंत्रानं छापलेला एक तरी चालता कागद हातात आला नाही, तर टर्म गेली, म्हणजे वर्ष गेलं. पहिल्या फेरीनंतर कार्डांचा गठ्ठा आमचा आम्हाला परत मिळायचा. तो रबरबँडमध्ये घालून त्याच्या वरच्या कडेवर आम्ही पेन्सिलीनं तिरकी रेघ मारून ठेवायचो. कार्डं सांडली तर रेघ जुळवून पुन्हा लावता येत.

पुण्याला गठ्ठे कोण नेणार? पोस्ट नाही, शिपाई नाही. आमचे सर न्यायचे. सर साताऱ्याचे. शनिवारी दुपारच्या एस.टी.नं घरी जायचे, रविवार घरी काढायचे आणि सोमवारी पहाटेच पुण्याची गाडी धरायचे. बुटांच्या खोक्यात आमच्या अख्ख्या वर्गाची अक्कल सुतळीनं बांधून मांडीवर. माझ्या दृष्टीनं ही व्यवस्थेची बेशरमी होती. सरांना बहुधा तो प्रवास आवडायचा.

यंत्र नाही म्हणून सरांनी व्हरांडा काढला होता. आम्हालाच यंत्र करायचे. एकेका पोराला फरशीवर बसवायचं, त्याच्या हातात पाटी द्यायची आणि म्हणायचं, “तू डबा. तुझ्यात एका वेळी एकच आकडा मावतो.” मग एक जण कागदावरची ओळ मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी जेवढं सांगितलं तेवढंच करायचं. आपली हुशारी चालवली की सर पाटी काढून घ्यायचे.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. ओळ अशी होती की पहिल्या डब्यातला आकडा दुसऱ्यात घाला. पहिला डबा म्हणजे माझा खोलीतला सोबती, आष्ट्याचा, उसाच्या घरचा, अंगानं आडवा. त्यानं आपल्या पाटीवरचा सात शेजाऱ्याला सांगितला आणि आपली पाटी स्वच्छ पुसून टाकली.

“पुसलीस का?” सरांनी विचारलं.

“दिला की त्याला, सर.”

“दिलास. पण तुझ्याकडंही राहतो.”

“असं कसं? दिलं म्हंजे गेलं की आपल्याकडनं.”

“आष्ट्यात गेलं असेल. इथं जात नाही.”

सगळा व्हरांडा हसला. पण गंमत बघा, वर्गातल्या निम्म्या पोरांनी तेच केलं असतं. आम्ही सगळी देण्या-घेण्याच्या घरातली. एक पेंढी दिली की आपल्या गंजीत एक कमी. देऊनही शिल्लक राहणारी वस्तू आम्ही कुठं पाहिली होती? आणि उलट, नवीन आकडा आला की जुना पुसायला पोरं धजायची नाहीत. “जुना राहू दे की सर कोपऱ्यात, लागला तर?” सर म्हणायचे, “कोपरा नाहीये.” एवढी एक गोष्ट डोक्यात उतरायला आम्हाला पंधरा दिवस लागले. पुस्तकातून ती दोन वर्षांत उतरली नसती, हे आज कबूल करतो.

तेव्हा करत नव्हतो. मला व्हरांडा म्हणजे पोरखेळ वाटायचा. मी कार्यकर्ता होतो. सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायचो, स्टेन्सिलचा मेणकागद स्वतः कोरायचो, माधवनगरच्या गिरणीचा भोंगा झाला की फाटकाशी उभा राहून वाटायचो. कॉलेजविरुद्ध काढलेल्या पत्रकाचं शीर्षक होतं, ‘यंत्र नाही तर विषय कशाला?’ खाली सात मागण्या. ते मी सरांच्या टेबलावरही ठेवलं, मुद्दाम. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते परत केलं, लाल पेन्सिलीच्या खुणा करून. ‘ताबडतोब’ खाली रेघ: म्हणजे कधी? ‘सर्व संबंधितांनी’ खाली रेघ: कोणी? ‘योग्य ती पावले’ खाली दोन रेघा आणि काहीच लिहिलेलं नाही.

मी भडकलो. “सर, वाचणाऱ्याला कळतं काय म्हणायचंय ते.”

“वाचणाऱ्याला कळतं,” ते म्हणाले, “म्हणून तुझी सवय बिघडलीये.”

पहिल्या फेरीत त्याची शिक्षा मिळाली. माझा कागद पुण्याहून आला तो कोरा. वर प्रोग्रामच्या ओळी छापलेल्या, चूक एकही दाखवलेली नाही, आणि खाली उत्तराच्या जागी पांढरंशुभ्र. मी म्हटलं, यंत्र बिघडलेलं. सरांनी त्या ओळी वाचल्या आणि विचारलं, “छाप म्हणून कुठं सांगितलंयस?”

नव्हतंच सांगितलं. यंत्रानं सगळा हिशेब बरोबर केला होता आणि तो स्वतःपाशीच ठेवून गप्प बसलं होतं. सोबत्यानं पुढं आठवडाभर पिच्छा सोडला नाही. मेसमध्ये पाणी मागितलं की म्हणायचा, “तांब्या भरून ठेवलाय गड्या. आण म्हणून कवा सांगितलंस?”

आता दुसरी आणि शेवटची फेरी. इथं माझ्या घरचं सांगायला हवं. मी आटपाडीकडचा. आमची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. माझं शिक्षण चालावं म्हणून दोन्ही बहिणी शाळा सोडून मेंढरांमागं जायला लागल्या होत्या. मी या वर्षी पास होऊन नोकरीला लागलो की धाकटीला पुन्हा शाळेत घालायचं, असं ठरलं होतं. ती अकरा वर्षांची होती. माझं एक वर्ष जाणं म्हणजे तिचं जाणं. बाराव्या वर्षी घातली तर घातली. तेराव्या वर्षी आमच्याकडं पोरीला शाळेत घालत नाहीत, बोहल्यावर चढवतात.

प्रोग्रामचा विषय मी घरचाच निवडला होता. उन्हाळा लागला की आमच्याकडं टँकर यायचा. तो गावाच्या तोंडाशी उभा राहायचा, चावडीपासनं घागरी भरत जायच्या, आणि शेवटाला असलेल्या आमच्या वस्तीपर्यंत नळीतून नुसती हवा यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंडापासनं सुरुवात. यावर मी दोन पत्रकं काढली होती. आता म्हटलं, यंत्राकडनंच न्याय्य वाटप छापून घेऊ. बारा घरं धरली, घरटी माणसं बघून घागरी ठरवल्या, टँकरच्या चाळीस घागरी. रोज वाटत जायचं, पाणी संपलं की तो दिवस संपला. आठवड्याचा तक्ता. माझा सगळ्यात अभिमानाचा प्रोग्राम. छाप म्हणूनही सांगितलं, दोनदा.

व्हरांड्यात तो खेळून बघायच्या दिवशी मी मोर्चाच्या तयारीला गेलो. सरांनी निरोप धाडला, गेलो नाही. शनिवारी सकाळी, आधीच्या खेपेत पुण्याहून करून आलेला गठ्ठा त्यांच्या हवाली केला आणि ते दुपारच्या गाडीनं साताऱ्याला गेले.

त्याच दुपारी, जेवणं झाल्यावर, पोरांना काही उद्योग नव्हता. सोबत्यानं माझ्या वहीतला कच्चा प्रोग्राम काढला. “चला, पुढाऱ्याच्या गावाला पाणी पाजू.” बारा पोरं फरशीवर ओळीनं बसली, प्रत्येकाच्या पुढ्यात मेसचा पेला. एक जण बादली घेऊन टँकर झाला. एकाच्या हातात पाटी. आता कोणत्या घराचा नंबर, तो आकडा ती पाटी सांगायची. सोबती मुद्दाम शेवटी, बाराव्या घरी बसला. मी बाजूच्या खांबाला टेकून मोर्चाच्या घोषणा लिहीत होतो.

पहिला दिवस. आठ घरं भरली, बादली संपली. दुसरा दिवस. पाटीवाल्यानं ओळ वाचली, पाटी पुसली आणि लिहिला एक. पुन्हा पहिलं घर. पुन्हा आठ. तिसरा दिवस, पाटी पुसून एक.

“आरं, मला कवा?” बाराव्या घरानं विचारलं.

“कार्डावर नाही बाबा,” टँकर म्हणाला.

चौथा दिवस झाला. सोबत्यानं रिकामा पेला फरशीवर आपटला. “काय रं पुढारी! तुझ्या राज्यात आठ घरांनी अंघोळी केल्या आनि आमी चार जण मेलो की रं तहानेनं! आटपाडीच्या मामलेदारानं तरी लाजून एक टँकर धाडला आसता.”

पोरं लोळून हसली. मी वही हातातनं घेतली. ती ओळ मीच लिहिली होती, माझ्या अक्षरात. ‘नंबर एकपासून धर.’ ती एकदाच सांगायची, सगळ्याच्या आधी. मी ती रोजच्या कामाच्या आत घातली होती, म्हणून दर सकाळी सगळं पुन्हा पहिल्या घरापासून. ज्या अन्यायावर मी दोन पत्रकं काढली, तोच मी स्वतःच्या हातानं यंत्राला शिकवला होता, आणि यंत्र बिचारं तो सोमवारी पुण्यात स्वच्छ अक्षरात छापून देणार होतं. कान तापले. हसणाऱ्या एकाचाही मला राग आला नाही, हे विशेष.

रविवारी सकाळची एस.टी. धरली. आष्टा, इस्लामपूर, कराड. दोन्ही बाजूंनी ऊस, आणि माझ्या डोक्यात एकच कार्ड. ते फक्त उचलून चार कार्डं वर ठेवायचं होतं. एवढ्यासाठी साताऱ्याला जाणारा माणूस मीच पहिला असेन.

सर घरच्या ओट्यावर लेंग्यात बसून शेंगा सोलत होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ना शाबासकी दिली ना टोमणा. खोकं आणून सुतळी सोडली. मी मोजत मोजत कार्ड शोधलं, उपसलं, वर घातलं. गठ्ठ्याची तिरकी रेघ त्या जागी तुटली, दात पडल्यासारखी. मला हलकं वाटलं.

“पहिल्या दिवशी आठ घरं झाली,” सर म्हणाले. “दुसऱ्या दिवशी?”

“नववं, दहावं, अकरावं, बारावं.”

“बादलीत अजून पाणी आहे. पुढं कोण?”

“परत पहिलं घर.”

“हे कुणाला माहीत आहे?”

“सगळ्यांनाच माहीत असतं, सर.”

“कार्डाला?”

कार्डाला माहीत नव्हतं. ते इमानदारीत तेराव्या घराकडं गेलं असतं, जे नाहीच, आणि नसलेल्या घराला पाणी घालत बसलं असतं. आणखी एक ओळ हवी होती: नंबर बाराच्या पुढं गेला की पुन्हा एक कर. म्हणजे एक नवं कार्ड. आणि भोकं पाडायचं यंत्र पुण्यात. तिथं कागद दिला की कार्ड होऊन यायला आठवडा, तोवर आमची फेरी संपलेली.

सरांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग सरळ बोलले. “जुनं होतं तसं लावून दे. कागद छापून येईल. मी सही करीन. बाहेरनं येणारा परीक्षक घरं मोजत बसत नाही. तुझी टर्म नक्की.” एक दाणा तोंडात टाकला. “दुसरा रस्ता म्हणजे कार्ड हातानं कापायचं. ब्लेडनं. यंत्रानं घेतलं तर घेतलं. अडकलं, तर तुझी फेरी गेली. वर्ष गेलं.”

मला धाकटी दिसली. खरं सांगतो, पहिलं उत्तर माझ्या तोंडावर आलं होतं: राहू दे सर, तसंच जाऊ दे. भाषणं ठोकणारा मी, आतून असाच होतो. ते शब्द ओठापर्यंत आले आणि तिथंच थांबले, कारण डोळ्यांपुढं आलं की हा छापील तक्ता मी घरी नेणार, आई म्हणणार वाचून दाखव, आणि धाकटी विचारणार, आपलं घर कितवं रं दादा? आपलं घर बारावं होतं. आठवडाभर बाराव्या घरापुढं शून्य. ते मी तिला वाचून दाखवणार होतो आणि वर म्हणणार होतो, हे बघ, पास झालो.

“कापतो, सर,” मी म्हटलं.

वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, दाढीचं नवं पातं आणून दिलं आणि पोळपाट उलटा घालून दिला. सरांनी एक कोरं कार्ड काढलं आणि कोणत्या अक्षराला कार्डाच्या कितव्या आकड्याच्या ओळीत भोक, तो तक्ता. यंत्राच्या इंग्रजीत ती ओळ म्हणजे चौदा अक्षरं, एकोणतीस भोकं. वहिनी शेजारी बसून तक्ता वाचायला लागल्या. “पहिलं अक्षर. वर बारा आणि खाली नऊ.” मी कापायचो. “झालं? आता बारा आणि सहा.” स्टेन्सिल कोरून कोरून बोटांना दाब कळत होता. एका जागी पातं कणभर सरकलं. वहिनी म्हणाल्या, “आवं, हे जरा तिरपं गेलं का हो?” सरांनी कार्ड उजेडाकडं धरलं. एकोणतीस चौकोनी उजेड भिंतीवर पडले, त्यातला एक किंचित वाकडा. “बघू,” ते म्हणाले.

नंतर आम्ही आमटी-भात जेवलो. अजिंक्यताऱ्याच्या बाजूनं वारा येत होता. मी सरांना म्हटलं की कॉलेजात यंत्र हवंच, मी मागणी मागं घेत नाही. “कशाला घेतोस?” ते म्हणाले. “फक्त ‘ताबडतोब’ काढ, तारीख घाल.” जेवून संध्याकाळच्या आत सांगलीला परतलो.

त्या आठवड्यात मी एकही पत्रक काढलं नाही. सोबती पाण्यावरून काही बोलला नाही. उलट जेवताना माझ्या ताटात आपली दशमी टाकायचा. “खा रं. लय वाळलास.” एक दिवस हळूच म्हणाला, “गेलं वरीस तर गेलं. धाकटीला आमच्या गावच्या शाळंत आनून घालू. आमची आय सांभाळती.” मी त्याची दशमी मोडून निम्मी त्याच्या ताटात ठेवली.

सर बुधवारी आले. व्हरांड्यातच खोकं उघडलं. माझा गठ्ठा वर होता आणि त्याला टाचणी लावलेला कागद, घडी घातलेला, लांब. उलगडला. आठवड्याचे सात दिवस, बारा घरं. सोबत्यानं बोट ठेवत ठेवत ओळ शोधली. “दुसरा दिवस. नववं, धा, अकरा… बारा! पाच घागरी.” तो ओरडला, “मिळालं रं मला!” आणि फरशीवर बसलेल्या पोरांनी पेले नव्हते तरी ते उंचावल्यासारखे हात केले. सर टर्मच्या वहीत सही करत होते.

मी गठ्ठा सोडून ते कार्ड बघितलं. माझं नव्हतं. नवंकोरं, यंत्रानं पाडलेली भोकं, सगळी सरळ. माझं ब्लेडचं कार्ड त्याच्या मागं घातलेलं होतं, एका कडेला चुरगळून फाटलेलं, आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर निळ्या शाईनं, बारीक, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘हे यंत्रात अडकले. उजेडात धरून वाचले, तसेच नवीन करून घातले. तिरपे भोक नऊचे असावे असे धरले. पुन्हा ब्लेड वापरू नये.’

खाली नाव नव्हतं. कुणी लिहिलं ते सरांनाही माहीत नव्हतं. तिथं आठ-दहा जण कामाला, बहुतेक मुली. त्यांनी माझं कार्ड बाजूला फेकलं असतं तरी कुणी विचारलं नसतं; नियम तोच होता. कुणीतरी ते खिडकीशी नेलं, एकोणतीस भोकं एकेक करून वाचली, बारा घरांचं काय चाललंय ते बघितलं आणि जागेवर बसून माझी ओळ पुन्हा लिहिली. त्या जूनमध्ये धाकटी पाचवीत बसली.